घटातली चटक चांदणी

गेल्या वर्षीच्या नवरात्रातली गोष्ट. आमच्याकडे घट बसतात. घटाची माती गावच्या रानातूनच आणायची, असा आईचा दंडक आहे. बाजारात पिशवीतून मिळणारी माती तिच्या लेखी मातीच नव्हे! तेव्हा घटस्थापनेच्या आदल्या रविवारी मी गावी गेलो आणि आमच्या माळाच्या पायथ्याची पाटीभर माती घेऊन आलो. परडीत माती पसरली, मधोमध पाण्याने भरलेला घट ठेवला आणि आईने त्याच्या भोवती गहू, ज्वारी, जव, मूग असे धान पेरले. तिसऱ्या दिवशी मातीतून पांढरे कोंब डोकावू लागले. पाचव्या दिवशी परडी हिरवी झाली.

सातव्या दिवशी माळ चढवताना आईने मला हाक मारली. ‘‘हे कसलं रे उगवलंय? मी काही हे पेरलं नव्हतं.’’

गव्हाच्या पोपटी पात्यांच्या बुडाशी काही इवली रोपे होती. प्रत्येकाला दोनच पाने, गोलसर आणि गुळगुळीत. मी मराठीचा मास्तर. रोपे पाहून मला काही बोध झाला नाही. दसऱ्याला आमच्या महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे एक स्नेही सोने द्यायला आले, त्यांना मी परडी दाखवली. त्यांनी चष्मा वर करून ती न्याहाळली, आणि म्हणाले, ‘‘सर, आज नाव सांगत नाही. यातले एक रोप कुंडीत लावा. दिवाळीला फराळाला येईन, तेव्हा ते स्वतःच आपले नाव सांगेल.’’

दिवाळीपर्यंत रोपाने मातीवर पानांचा चक्राकार पसारा मांडला होता. पाने गाजराच्या पाल्यासारखी कातरलेली. आता नाव सांगण्याची गरज नव्हती. आमच्या देवघरात, देवीच्या घटाला खेटून उगवले होते ते गाजरगवत!

स्नेही हसले. मला मात्र हसू आले नाही. ती माती ज्या माळाची होती, त्या माळावर हे गवत कोणी नेले, हे मला पक्के ठाऊक होते. ते मीच नेले होते. त्याची हकीकत पुढे सांगणारच आहे; पण आधी या पाहुणीची ओळख करून देतो.

नावे अनेक, गुण एकच

गाजरगवत हे मुळात गवतच नव्हे. ते सूर्यफूल, झेंडू आणि शेवंती यांच्या कुळातले आहे. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. मूळचे ते अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातले, मेक्सिकोच्या आखाताच्या आसपासचे. आपल्याकडे त्याला काँग्रेस गवत म्हणतात. फुलोऱ्याने भरलेले रान पांढऱ्या टोप्यांच्या सभेसारखे दिसते म्हणून, असे त्याचे कारण सांगतात. पण मला आवडते ते त्याचे तिसरे नाव: चटक चांदणी. ज्याने कोणी हे नाव दिले त्याची नजर कवीची असली पाहिजे. त्या इवल्याशा पांढऱ्या फुलाला खरोखरच चांदणीसारखी पाच टोके असतात. आणि गंमत अशी की, त्या पाच टोकांपोटी पाच बिया धरतात. एका भरदार झाडाला किती चांदण्या लागाव्यात? झाडाला पंधरा हजारांहून अधिक बिया सहज धरतात, म्हणजे तीन हजारांवर चांदण्या झाल्या! आभाळात नुसत्या डोळ्यांनी एका वेळी दिसणाऱ्या तारका साधारण एवढ्याच असतात म्हणे.

हे आपल्याकडे आले कधी? अमेरिकेच्या गव्हाबरोबर आले, असे आपण सगळेच म्हणतो. आमच्या घरात १९७२ च्या दुष्काळाची गोष्ट निघाली की तांबड्या मिलोची निघते, आणि मिलोची निघाली की या गवताची निघतेच. पण तारखा जुळवून पाहिल्या की थोडी अडचण होते. या झाडाची पुण्यातली पहिली नोंद १९५५ सालची; उकिरड्यांवर तुरळक उगवलेली झाडे कोणा जाणत्या नजरेला दिसली आणि १९५६ मध्ये ती नोंद छापून आली. पी. एल. ४८० या नावाने प्रसिद्ध असलेला धान्याचा करार अमेरिकेशी झाला तो १९५६ च्या ऑगस्टात. म्हणजे पाहुणी कराराच्या आधीच दारात उभी होती! अर्थात अमेरिकेचा गहू त्यापूर्वीही, १९५१ च्या टंचाईत कर्जाऊ आलेला होता. त्यामुळे गव्हावरचा संशय काही फिटत नाही.

पण त्याहूनही जुनी गोष्ट आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील झाडांची जी यादी १८१४ साली प्रसिद्ध झाली, तीत या झाडाचे नाव आहे. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत १८८० सालचा त्याचा वाळवलेला नमुना आहे. म्हणजे निदान एकदा तरी हे झाड या देशात आले, आणि रानोमाळ पसरल्याचा बोभाटा न होता वर्षानुवर्षे लोटली. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र त्याने पुण्यापासून देशभर मजल मारली.

या तारखांवरून मला एक गोष्ट उमगली. बी येणे निराळे, आणि बी रुजणे निराळे. बी कोणी आणले याचा शोध आपण हिरिरीने घेतो. त्याला रुजायला जागा कोणी करून दिली, हे मात्र विचारत नाही.

थांबणारे बी आणि न थांबणारे बी

फराळाच्या ताटावर बसल्या बसल्या स्नेह्यांनी मला बियांचा पहिला धडा दिला. बी म्हणजे मेलेले धान्य नव्हे. ते झोपलेले रोप आहे. मटकी भिजत घातली की ती फुगते, ते तिचे पाणी पिणे. पाणी पोटात गेले की आतली पाचकद्रव्ये जागी होतात, साठवलेला पिठूळ भाग विरघळून त्याची साखर होते, आणि त्या शिदोरीवर मोड बाहेर पडतो. ओल, हवा आणि ऊब एवढे मिळाले की झाले. उसळ करणाऱ्या प्रत्येक गृहिणीला हे शास्त्र येते, फक्त त्याची परीक्षा तिने दिलेली नसते.

‘‘पण मग,’’ मी विचारले, ‘‘माळावरचे गवत दिवाळीनंतरच्या अवकाळी पावसाने का उगवत नाही? ओल असते, ऊब असते.’’

‘‘इथेच खरी गोम आहे,’’ ते म्हणाले. ‘‘गहू, मूग ही माणसाळलेली बियाणी. सगळी एकदम उगवतील तीच शेतकरी हजारो वर्षे राखत आला, म्हणून तुमचा घट पाचव्या दिवशी हिरवा होतो. रानातल्या गवताचे तसे नाही. त्याचे ताजे बी ओल मिळूनही उगवत नाही. त्याला काही महिन्यांची झोप पुरी करावी लागते. तसे नसते तर अवकाळी सरीने फसून ते उगवले असते आणि चैत्राच्या उन्हात वाळून गेले असते.’’

आपल्या माळावरच्या कुसळी गवताचेच पाहा. आश्विन-कार्तिकात पायजम्याला आणि मोज्यांना जी कुसळे चिकटतात, ती या गवताची बियाणी. टोकाला सुईसारखी अणी, अणीवर उलटे केस आणि मागे लांब, पीळ घातलेली शेपटी. या शेपटीला ओल लागली की पीळ उलगडतो, वाळली की पुन्हा बसतो. रात्रीच्या दवाने आणि दिवसाच्या उन्हाने ती अशी फिरत राहते, आणि सुताराच्या गिरमिटासारखे बी मातीत उतरत जाते. उलट्या केसांमुळे ते मागे सरकत नाही. एकदा आत गेले की वणवा येवो, ऊन तापो, ते मृगाची वाट पाहत पडून राहते.

आणि चटक चांदणी? तिच्या ताज्या बियांपैकी बहुतेकांना झोप ठाऊकच नाही. झाडावरून पडल्यावर ओल मिळाली की त्या उगवल्याच. पावसाळा असो की हिवाळा, नळाच्या गळतीची ओल असो की मोरीच्या पाण्याची, तिला सारे सारखेच. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात झाड फुलावर येते, आणि वर्षातून तिच्या दोन-तीन पिढ्या आटोपतात. बी मात्र मातीत खोल गाडले गेले तर वर्षानुवर्षे जिवंतही राहते. थोडक्यात, ती थांबत नाही. आणि थांबावे लागलेच तर थांबूनही दाखवते! शिवाय तिच्या अंगातली द्रव्ये आजूबाजूच्या बियांना उगवू देत नाहीत. जनावरे तिला सहसा तोंड लावत नाहीत; पोटात गेलीच तर दुधाला कडवटपणा येतो. ज्यांच्या अंगाला ती सोसत नाही त्यांना खाज, चट्टे, दमा असे विकार जडतात. पुण्यातल्या त्वचारोगतज्ज्ञांपुढे १९७० च्या दशकातच असे रुग्ण येऊ लागले होते.

एवढे असूनही तिची एक दुबळी बाजू आहे. दाट, धड गवतात तिचे बी सहसा तग धरत नाही. उजेड नाही, रिकामी माती नाही. गवताच्या मुळांनी वरची सारी जमीन विणून टाकलेली. तिला हवी असते उघडी, उकरलेली, मालक नसलेली माती. म्हणूनच ती पहिल्यांदा दिसली ती उकिरड्यावर.

सहाशे खड्डे

आता माझी हकीकत.

बारामती-इंदापूरच्या बाजूला आमचे गाव. गावाच्या वरच्या अंगाला मुरमाड माळ आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा. म्हणजे पिकाच्या उपयोगाची नव्हे अशी जमीन. सरकारी नकाशांतही असल्या कितीतरी माळांची गणना पडीक जमिनीत होते. आम्हा सुशिक्षितांच्या बोलण्यातही माळ म्हटला की ‘ओसाड’ हे विशेषण आपोआप पुढे येते. मी वीस वर्षे शब्द शिकवतो आहे. पण या एका शब्दाने माझे डोळे किती बांधले होते, हे मला फार उशिरा कळले. त्या ओसाड माळावर कुसळी, पवन्या, शेडा, मारवेल अशी नाना गवते होती. चंडोल होते, धाविक होते, लांडगा होता. एके काळी अशाच माळांवर माळढोक फिरत असे. त्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे.

२०१६ च्या डिसेंबरात आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर मी हौसेने माझ्याच गावी नेले. मी कार्यक्रम अधिकारी. संकल्प असा की, ओसाड माळ हिरवा करायचा. मुलांनी सहाशे खड्डे घेतले. पहिल्या दिवशी एक म्हातारे मेंढपाळ आण्णा काठी टेकून पाहत उभे राहिले. ते मला लहानपणापासून ओळखतात.

‘‘काय करताय मास्तर?’’

‘‘झाडं लावणार, आण्णा. माळ हिरवागार होईल.’’

‘‘आखाडात येऊन बघा की, हिरवाच आस्तोय,’’ आण्णा म्हणाले. ‘‘त्येचं पांघरूण फाडू नगा. मेंढरं कुटं जात्याल?’’

मी हसून वेळ मारून नेली. मुलांनीही मान खाली घालून टिकाव चालवला. जुलै २०१७ मध्ये आम्ही कडुनिंब, करंज, गुलमोहर लावले. रोपांना बळ यावे म्हणून गावच्या उकिरड्यावरचे खत दोन ट्रॉल्या भरून वर नेले आणि पाटी-पाटी करून प्रत्येक खड्ड्यात घातले. वर्तमानपत्रात फोटो आला. मुले खूश, मी खूश, प्राचार्य खूश.

त्या खतातून काय गेले असेल, हे वाचकांना आता सांगायला नकोच. खड्ड्यांतली रोपे उन्हाळ्यात एकामागून एक वाळली. सहाशेंतली शंभरसुद्धा जगली नाहीत. खाली कातळ, वर वितभर मुरूम, त्यात ती तरी काय करणार? पण खड्डे रिकामे राहिले नाहीत. २०१८ च्या पावसाळ्यात प्रत्येक खड्ड्याभोवती पांढऱ्या फुलांचे एक कडे दिसू लागले. पुढच्या वर्षी कडी एकमेकांना भिडली. आम्ही उकरलेल्या मातीने गवत दाबले गेले होतेच. उरलेले राखण नसल्यामुळे भर पावसात चारले गेले, आणि त्याने बी धरण्याआधीच जागा मोकळी केली. मेंढरे गवत तेवढे निवडून खात, पांढरी फुले तशीच सोडत. म्हणजे खाणारेही नकळत पाहुणीचीच पेरणी करत होते.

आण्णांनी मला एका शब्दानेही टोमणा मारला नाही. पण २०१९ च्या दिवाळीत गावी गेलो तेव्हा ते वाड्याजवळ बसले होते. हाताच्या कोपरापर्यंत लाल-काळे चट्टे, मानेवर ओरखडे. मेंढरांच्या वाटेवरचे गवत ते महिनाभर नुसत्या हातांनी उपटत होते.

‘‘डागदर म्हंत्यात, त्या गवतापासनं लांब ऱ्हावा,’’ ते म्हणाले. ‘‘आता माळापासनं लांब कुटं ऱ्हावू, मास्तर?’’

या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण मी वर्गात कितीदा तरी समजावून दिली आहे. कुसळ म्हणजे काय, हे माहीत नसताना!

पांघरूण शिवताना

फाडलेले पांघरूण शिवायला वेळ लागतो. आम्ही दर पावसाळ्यात रविवारी माळावर जाऊ लागलो. हातमोजे घालून, पाऊस पडून माती मऊ असताना, फुले येण्याआधी गाजरगवत मुळासकट उपटायचे, हा नियम. फुले आल्यावर उपटले तर बी आपल्याच हाताने सांडते. ज्यांच्या अंगाला खाज सुटते त्यांनी फक्त पाणी द्यायचे. निसर्गाचीही थोडी मदत झाली. या गवताची पाने खाणारे मेक्सिकोचे भुंगेरे १९८३ मध्ये बंगळूरला आणून, पारखून १९८४ पासून सोडले गेले. त्यांचे वंशज आमच्या माळावरही आले आणि श्रावणात पानांची चाळण करून गेले. पण कोरड्या दिवसांत भुंगेरे जमिनीत दडी मारतात आणि चांदणी पुन्हा डोके वर काढते. तेव्हा सारी भिस्त त्यांच्यावर ठेवता येत नाही.

खरा उपाय आण्णांनीच सांगितला. माळाचे तीन भाग पाडले आणि दर वर्षी एक भाग आषाढापासून दिवाळीपर्यंत बंद ठेवला. गवत पिकायचे, बी सांडायचे, मग मेंढरे आत. कुसळी पिकली की कुसळे लोकरीत घुसून कातडीला टोचतात. म्हणून आण्णा मेंढरे आधी भादरून घेत आणि मगच सोडत. हे सारे त्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. आम्हीच विचारले नव्हते. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड प्रांतात हीच चटक चांदणी १९६० च्या सुमारास टेक्साससारख्या दूरच्या मुलखातून आणलेल्या गवताच्या बियाण्यात मिसळून आली आणि कुरणेच्या कुरणे तिने व्यापली. तिथल्या जाणकारांचा मुख्य सल्लाही हाच, की चराई आवरा, गवत दाट ठेवा.

आमचा माळ पूर्ववत झाला, असे मी म्हणणार नाही. खड्ड्यांच्या जागी अजून पांढरी कडी उमटतात. घटाच्या परडीने त्याचा पुरावा घरपोच आणून दिलाच. पण दोन कड्यांच्या मधली जागा आता कुसळीने आणि पवन्याने पुन्हा धरली आहे. आण्णांचे चट्टे उन्हाळ्यात कमी होतात, पावसाळ्यात उमलतात. मेंढरे आता त्यांचा नातू वळतो.

राहिली गोष्ट कुंडीची. गेल्या दिवाळीत स्नेही गेल्यावर ते गाजरगवत मी फूल येण्याआधीच उपटून टाकले. मग माळावरून आणलेली बारा कुसळे त्या मातीवर ठेवली आणि वर चार थेंब पाणी शिंपडले. शेपट्या हळूहळू गर्रकन नव्हे, पण डोळ्यांना दिसेल अशा फिरू लागल्या. आई आणि मी दोघे ओणवे होऊन पाहत राहिलो. मग कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात ठेवून दिली आणि पाणी घालायचे नाही असे घरात बजावले. आई अधूनमधून कुरकुरे, ‘‘रिकामी कुंडी कशाला अडवून ठेवलीस? तुळस तरी लावली असती.’’

यंदा मृगाचा पाऊस झाला. आठवड्याने आईनेच गच्चीवरून हाक मारली. कुंडीत हिरव्या सुईसारखी चार पाती उभी होती. आईने ती दोनदा मोजली.

‘‘बारातली चारच?’’ ती म्हणाली.

‘‘बाकीची थांबली असतील,’’ मी म्हणालो.

‘‘थांबू देत,’’ आई म्हणाली, आणि तिने कुंडी उचलून पागोळ्यांखाली नीट सरकवून ठेवली.